सतरा नंबरची बाटली

दाक्षायणीबद्दल शांतपणे लिहायचं मी ठरवलं होतं, पण ते मला जमणार नाही. तेव्हा रागासकटच लिहिते. राग हुंडेकर सरांचा आहे, थोडा दाक्षायणीचा आहे, आणि बराचसा माझा स्वतःचा.

मी चंद्रिका. सोलापुरातल्या एका कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात स्टोअर सांभाळते. काचेची भांडी, ॲसिडच्या बाटल्या, फिल्टर पेपर आणि किल्ल्यांचा जुडगा, एवढं माझं राज्य. दाक्षायणी त्याच विभागात लॅब असिस्टंट. आम्ही दोघी एकाच वर्षी लागलो, एकाच बाकावर बसून डबा खातो, आणि एकमेकींची सगळी बिंगं जाणतो. तिचं शिक्षण बारावी सायन्स, तेही लग्नानंतर बाहेरून बसून दिलेलं. पण विभागातलं सगळ्यात महागडं मशीन, एचपीएलसी, चालवावं तर तिनंच. कुठल्याही पाल्याचा, मुळीचा अर्क त्यात सोडला की हे मशीन त्यातली रसायनं एकेक करून वेगळी करतं आणि कागदावर उंचवट्यांची रांग काढून दाखवतं. पीएचडीची पोरं त्या कागदाकडे नुसती बघत बसायची. दाक्षायणी त्यावर बोट ठेवून सांगायची, हा उंचवटा याचा, हा त्याचा, आणि हा तुमच्या न धुतलेल्या नळीचा.

हे तिला शिकवलं हुंडेकर सरांनी. विभागात सगळे नाकं मुरडत असताना त्यांनी तिला मशीनपुढं बसवलं होतं. "दाक्षायणी माझा उजवा हात आहे," असं ते पाहुण्यांपुढं म्हणायचे आणि ही बाई लाजून चूर व्हायची. देव्हाऱ्यात सरांचा फोटो लावायचा तेवढा बाकी राहिला होता. मी चिडवायचे, "सरांची आरती कधी म्हणतीस?" ती रागावायची नाही, हसायची.

तीन वर्षांपूर्वी चिंचोळी एमआयडीसीतली एक कंपनी सरांकडं आली. त्यांना माका कंदाच्या कॅप्सूल विकायच्या होत्या. माका म्हणजे आपण केसांच्या तेलात घालतो तो नव्हे. हा पेरू देशातल्या उंच डोंगरांवर, जिथं दुसरं काही उगवत नाही अशा थंडीत होणारा कंद. जात मुळ्याची आणि मोहरीची, आकार सलगमासारखा. पाळी जायच्या वयात बायकांच्या अंगाची जी आग होते, दरदरून घाम फुटतो, झोप उडते, त्यावर हा कंद चालतो असं कंपनीला म्हणायचं होतं. त्याला पुरावा हवा होता.

आधी सात-आठ महिने नुसतं रसायन तपासणं चाललं. तेव्हाची दाक्षायणी मला अजून आठवते. रोज डबा खाताना मला शिकवणी. "चंद्रिका, ह्यातलं जे खास रसायन हाय ना, माकामाइड, ते ओल्या कंदात नसल्यातच जमा असतं. तिकडली मानसं कंद काढून आठवडेच्या आठवडे उघड्यावर वाळवत्यात. दिवसा ऊन, रात्री बर्फ. त्या वाळण्यातच ते तयार होतं. आपल्या वाळवनासारखं की!" तिथले लोक तो कच्चा खात नाहीत, उकडूनच खातात, हेही तिनं कुठून तरी वाचून काढलं होतं. उंदरांवर गुण मोठा दिसतो, माणसांवरचे अभ्यास थोडे, त्यात माणसं थोडी, आणि रक्तातली हार्मोन्स बहुतेक जागची हलत नाहीत, हे तिनं मला सांगितलं आणि सरांनाही सांगितलं. सर म्हणाले, "म्हणूनच तर आपण नीट करून बघायचं."

आता बायका हव्या होत्या. पंचेचाळीस ते पंचावन्न वयाच्या, हा त्रास असलेल्या, चोवीस. प्राध्यापकांच्या बायकांनी नाक वर केलं. मग सरांनी उजव्या हाताकडं बघितलं. "तुझ्या गल्लीत विचार ना. तुझ्या शब्दावर येतील."

दाक्षायणीची गल्ली बाळीवेशीच्या मागं. निम्मी मराठी बोलणारी, निम्मी कन्नड, आणि भांडताना दोन्ही. शेजारच्याच दारात तिची थोरली जाऊ, गौरम्मा. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, आवाज खणखणीत, कडक भाकरीचा धंदा. सकाळपासून चुलीपुढं बसायचं, ज्वारीच्या पापडासारख्या पातळ भाकरी थापायच्या, भाजून वाळवायच्या आणि दुकानांना द्यायच्या. त्यात हिला हा त्रास. समोर चुलीची धग आणि आतून अंगाची. दिवसातून तीनदा लुगडं बदलायची. एकदा मी गेले तेव्हा थापता थापता उठली, मोरीत जाऊन डोक्यावर तांब्या ओतून घेतला, आणि ओल्या अंगानं परत येऊन थापायला बसली. "सांगू कुनाला?" म्हणाली. "डाक्टर म्हनतो वय हाय. वय काय फक्त मलाच हाय व्हय?"

गौरम्मा हो म्हणाली आणि गल्ली हो म्हणाली. सर स्वतः आले, तिच्या ओट्यावर बसून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. सगळ्यांना समजावून सांगितलं: निम्म्या बाटल्यांत माका असेल, निम्म्यांत साधी पावडर, कुणाच्या बाटलीत काय हे आत्ता कुणालाच कळणार नाही, दाक्षायणीलाही नाही. दाक्षायणीनं संमतीचा कागद मराठीत आणि कन्नडमध्ये स्वतः लिहून काढला होता. त्यातलं शेवटचं वाक्य तिनं मोठ्यानं वाचलं: "अभ्यास संपल्यावर तुमच्या बाटलीत काय होते ते तुम्हाला सांगितले जाईल." पार्वतम्मा नावाची एक म्हातारपणाकडं झुकलेली बाई म्हणाली, "सांगशील न्हवं गं? न्हायतर कागदात लिवायचं आन इसरायचं." दाक्षायणी म्हणाली, "मी सांगते. माझा शब्द हाय."

कुठल्या नंबरच्या बाटलीत काय, ती यादी सरांनी एका पाकिटात घातली, लाख लावली, आणि ते पाकीट माझ्या स्टोअरच्या कपाटात आलं. प्रत्येक बाटलीतल्या दहा कॅप्सूल पुडीत बांधून नंबर घालून दाक्षायणीनं त्याच कपाटात ठेवल्या. नमुना राखून ठेवायची ही सवयही सरांचीच शिकवण.

गौरम्माची बाटली सतरा नंबरची. तिसऱ्या आठवड्यात तिचा घाम थांबला. थांबला म्हणजे चुलीपुढं घामाचा थेंब नाही. गल्लीत बातमी फिरायला कितीसा वेळ लागतो? दुसऱ्या महिन्याच्या बाटल्या आल्या तेव्हा गल्लीनं आपला निर्णय घेतला. आमच्याकडं हातगुण मानतात. एखादीच्या हातानं झाड लागतं, एखादीच्या हातचं औषध लागू पडतं. गौरम्माला गुण आला, तर तिच्या हातानं घेतलेलं सगळ्यांना लागू पडेल. चोवीस बाटल्या तिच्या स्टीलच्या डब्यात ओतल्या गेल्या. रोज सकाळी एकेक जण यायची, गौरम्मा मूठ घालून दोन कॅप्सूल काढून तळहातावर ठेवायची. आणि खरंच एकेकीला बरं वाटायला लागलं. हे दाक्षायणीपासून लपवलं, कारण तिनं बजावून सांगितलं होतं की प्रत्येकीनं आपल्याच बाटलीतलं घ्यायचं.

दहाव्या आठवड्यात तिला तो डबा दिसला. दोन्ही प्रकारच्या कॅप्सूल एकत्र, म्हणजे कुणी काय खाल्लं याचा पत्ताच नाही, म्हणजे सगळा अभ्यास मातीत. गौरम्माला कळेना काय चुकलं. "आगं, सगळ्यास्नी गुण आला की. तुमाला आजून काय पायजे?"

दुसऱ्या दिवशी दाक्षायणीनं सगळं सरांना सांगितलं आणि कागदावर लिहूनही दिलं. सर रागावले नाहीत. पाठीवर थोपटून म्हणाले, "शाब्बास. प्रामाणिकपणा महत्त्वाचा. हे मी तसंच लिहीन." ती मला येऊन म्हणाली, "बघितलंस? दुसरा कुनी आसता तर मला झाडलं आसतं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

पंधरा दिवसांनी सरांनी व्हरांड्यात मला गाठलं आणि पाकीट मागितलं. मी काढून दिलं. स्टोअरमधून साधी काचनळी बाहेर गेली तरी मी रजिस्टरवर सही घेते. पण सरांकडं सही मागायची? मला लाज वाटली. माझी चूक ती इथं.

मग सात महिने सगळं शांत. दाक्षायणी विचारायची, "सर, बायकांना सांगायचं हाय." सर म्हणायचे, "सांगू, सांगू." गल्लीत पार्वतम्मा विचारायची आणि दाक्षायणी म्हणायची, "सांगते, सांगते."

एक दिवस गौरम्मा स्वतः कॉलेजात आली, हातात खोका नाचवत. कंपनीच्या कॅप्सूलचा खोका. त्यावर इरकल लुगड्यातली गौरम्मा हसत होती आणि खाली छापलं होतं, 'सोलापूरच्या महिलांवर शास्त्रीय चाचणीत सिद्ध'. फोटो काढायला कंपनीची माणसं सरांबरोबर येऊन गेली होती आणि दाक्षायणीला अचानक दाखवून चकित करायचं म्हणून गौरम्मानं ते गुपित ठेवलं होतं. "दुकानदार मला वळखायला लागलं, दाक्षी!" तिला केवढा आनंद झाला होता.

त्याच दुपारी दाक्षायणीनं या चाचणीवर सरांनी संशोधन-मासिकात छापलेला लेख शोधून काढला. इंग्रजी तिचं यथातथाच, पण रसायनातलं इंग्रजी तिला समजतं. मी शेजारी बसले होते. लेखात डबा नव्हता, हातगुण नव्हता, तिचं पत्रही नव्हतं. बारा जणी माका घेत होत्या आणि बाराही जणींना आराम पडला, एवढंच. बाकीच्या बारा जणींबद्दल एक ओळ होती. ती तिनं दोनदा वाचली आणि मग मला मराठीत सांगितली: साहाय्यक कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे त्यांच्या नोंदी वगळल्या आहेत. आणि शेवटी आभार. त्यात एकाच साहाय्यक कर्मचाऱ्याचं नाव होतं, दाक्षायणीचं.

सतरा वर्षं त्या माणसाच्या हाताखाली तिनं एक नळी फोडली नव्हती.

ती सरांच्या खोलीत गेली तेव्हा मी दाराबाहेरच उभी राहिले. खोटं कशाला सांगू, कान देऊन उभी राहिले. सर अजिबात गडबडले नाहीत. "त्या ओळीत तुझं नाव आहे का? नाही ना? शास्त्रात असं लिहावं लागतं. आणि आभारात नाव आलंय, किती असिस्टंटांचं येतं?" ती म्हणाली, "सर, त्या बाकीच्या बारा जनींनाबी आराम पडला व्हता. ते तुमाला म्हाईत हाय." सर म्हणाले, "दाक्षायणी, मशीन चालवायला शिकवलं म्हणजे शास्त्रज्ञ झालीस असं नाही."

बाहेर आली ती रडत नव्हती. "किल्ली दे," म्हणाली.

लेखातल्या तक्त्यात माका घेणाऱ्या बारा जणींचे नंबर होते. सतरा त्यात नव्हता. मी कपाट उघडलं, तिनं सतरा नंबरची पुडी काढली. अर्क करून मशीनमध्ये सोडला. आम्ही दोघी कागदाकडं बघत बसलो. माकाचे जे उंचवटे तिला तोंडपाठ होते, त्यांच्या जागी सपाट रेघ. मग तिनं उरलेल्या कॅप्सूल फोडून ती पावडर कोरड्या बशीत गरम केली. माका तापवला की मोहरी करपल्यासारखा उग्र वास येतो. हा वास तसा नव्हता. हा वास सोलापुरात कुणालाही ओळखता येईल, भाकरी भाजल्याचा. साधी पावडर म्हणून सरांनी ज्वारीचं पीठ भाजून भरायला दिलं होतं.

मी तिला सांगितलं, "सोड. बाई बरी आहे ना? राहू दे की बरी. सांगून काय मिळणार?" ती म्हणाली, "मी शब्द दिलाय." मी म्हटलं, "शब्द सरांनीही दिला होता." ती म्हणाली, "म्हनून तर." मला तिचा राग आला. एवढं सरळ असू नये माणसानं.

सोमवारी दुपारी ती गल्लीत घरोघर फिरली आणि प्रत्येकीला तिच्या नंबरचं खरं सांगितलं. पार्वतम्माच्या बाटलीतही पीठच होतं; ती हसली, "बरं झालं बाई, औषिदाची सवय न्हाय लागली." गौरम्माकडं ती शेवटी गेली. मी बरोबर होते. गौरम्मा भाकरी थापत होती.

"अक्का, तुमच्या बाटलीत माका नव्हता. पयल्या म्हैन्यात तुमी जे खाल्लं ते ज्वारीचं पीठ व्हतं."

गौरम्मानं पिठानं माखलेला हात वर केला. "हे?"

"व्हय. भाजून बारीक केलेलं."

"मंग माझी आग कुटं गेली व्हती? म्हंजे मी सोंग करत व्हते, आसं म्हन की."

"तसं न्हाय अक्का. तरास खरा व्हता. थांबला तेबी खरं. फकस्त माकानं थांबला न्हाय."

"मंग कशानं?"

"ते मला म्हाईत न्हाय, अक्का," दाक्षायणी म्हणाली. खोटं सांगायला हवं होतं तिनं. देवानं थांबवला म्हणायचं, काहीही म्हणायचं. गौरम्मानं थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "सर परका मानूस. त्यो खोटं बोलला तर मी समजू शकते. तू घरातली. माझं चांगलं चाललेलं तुला बघवलं न्हाय." आणि तिनं परातीत नवं पीठ घेतलं. आम्ही उठून आलो.

आठ दिवसांत तिचा घाम परत आला. पार्वतम्मानं मला सांगितलं की रात्रभर गच्चीत फेऱ्या मारते, पण कुणापुढं कबूल करत नाही. दाक्षायणीला हे कळलं तेव्हा ती दोन दिवस कामावर आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती प्राचार्यांना द्यायचा अर्ज लिहूनच. लेखातली ती ओळ खोटी आहे, ती मागे घ्यावी, एवढंच मागणं होतं. खोका राहू दे, कंपनी राहू दे, फक्त तिच्या कामावरचा तो डाग पुसावा.

चौकशी प्राचार्यांच्या केबिनमध्ये झाली. मी सांगितलं की पाकीट मी सरांना दिलं. सर म्हणाले, असं पाकीट मला मिळालंच नाही, ते स्टोअरमध्येच गहाळ झालं असावं; लेखातले नंबर मी माझ्याजवळच्या प्रतीवरून घेतले. प्राचार्यांनी रजिस्टर मागितलं. रजिस्टरमध्ये नोंद नव्हती. दाक्षायणीच्या पत्राची पोच तिनं घेतली नव्हती. उजवा हात कधी पोच मागतो का? सपाट रेघेचा कागद होता, पण सर म्हणाले, पुडीत पीठ हिनंच नंतर भरलं नसेल कशावरून? मला तिथंच उठून त्यांच्या अंगावर ओरडावंसं वाटलं आणि मी गप्प बसले.

मग सरांनी आपली साक्षीदार बोलावली. दार उघडलं आणि गौरम्मा आत आली, खोक्यावरचंच इरकल नेसून. दाक्षायणी खुर्चीतून अर्धवट उठली. तिला वाटलं असावं, अक्का आपल्यासाठी आली. मला ते तिच्या तोंडावर दिसलं, आणि तेवढं एक मला विसरता येत नाही.

प्राचार्यांनी विचारलं, "तुम्हाला कशानं गुण आला?"

"माकानं," गौरम्मा म्हणाली. "माझ्या बाटलीत माकाच व्हता. डबाबिबा काय नव्हता. ही माझी जाऊ हाय खरी, पन कामात आदीपासनं आशीच. कुनाची बाटली कुनाला द्यायची."

"आता त्रास काही?"

"काय न्हाय. एकदम बरी हाय."

हे ती म्हणत होती तेव्हा डिसेंबरमधली सकाळ होती आणि आम्ही सगळे स्वेटर घालून बसलो होतो. गौरम्माच्या कपाळावरून घाम ओघळत होता. कानशिलं लाल झाली होती, ब्लाउज पाठीला चिकटला होता, पदरानं ती मान पुसत होती आणि पुसलं की पुन्हा थेंब येत होते. पुरुषांना त्यात काही दिसलं नाही. मला दिसलं. दाक्षायणीला तर माझ्याआधी दिसलं असणार. एक बोट दाखवलं असतं की झालं असतं. "सर, हिच्याकडं बघा." एवढं एकच वाक्य. मी तिच्या हाताला चिमटा काढला.

प्राचार्य म्हणाले, "दाक्षायणीबाई, तुम्हाला यांना काही विचारायचंय?"

गौरम्मानं मान वर केली नाही.

दाक्षायणी उठली, भिंतीपाशी गेली आणि तिनं भर थंडीत पंखा लावला. टेबलावरच्या जगमधून ग्लासभर पाणी ओतलं आणि गौरम्मापुढं ठेवलं.

"न्हाय सर," ती म्हणाली. "काय विचारायचं न्हाय."

गौरम्मा एका दमात पाणी प्यायली, तिनं ग्लास टेबलावर ठेवला आणि ती सरांच्या मागोमाग बाहेर गेली. चौकशी तिथंच संपली, आणि लेखातली ती ओळ तशीच राहिली.